मडक्यातले पीठ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघावे, हडपसर मागे टाकावे, म्हणजे थोड्याच वेळात लोणी काळभोर लागते. तेल कंपन्यांचे डेपो, रस्त्याच्या कडेला आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या टँकरांच्या रांगा, लोणीचे रेल्वे स्थानक, उरलासुरला ऊस आणि त्या उसाच्या जागी उगवलेल्या चारमजली इमारती, असे या गावाचे आजचे रूप आहे. गावात पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे हे ठरलेले असते. एके काळी चित्रपटांसाठी गाजलेल्या राजबागेच्या परिसरात २०१८ साली उद्घाटन झालेला प्रचंड घुमट, डोंगराच्या कुशीतले रामदरा आणि पलीकडे थेऊरचा चिंतामणी. पाहुणा ते पाहतो, छायाचित्रे काढतो आणि जातो. टँकरच्या केबिनमध्ये मुटकुळे करून झोपलेल्या चालकाला तो पाहत नाही. आपणही त्याला तो दाखवत नाही.

याच गावात, पुनरुत्थानाच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही फिरत असताना एका घरी थोडे अधिक वेळ थांबलो. घरातील कर्ते गृहस्थ अनेक वर्षे टँकर चालवून निवृत्त झालेले. त्यांचा थोरला मुलगा दुबईत एका गोदामात कामाला आहे. दोघे नवरा-बायको नुकतेच पंधरा दिवस त्याच्याकडे राहून आले होते. मावशींनी चहा ठेवला आणि मोबाइल आमच्या हाती दिला. बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी दोघे, वाळवंटात जीपगाडीपाशी दोघे, सोन्याच्या बाजारात दोघे, मॉलमधील मत्स्यालयाच्या काचेसमोर दोघे. ८२८ मीटर उंचीची ती इमारत काकांनी आम्हाला अशा अभिमानाने समजावून सांगितली, की जणू तिच्या पायाभरणीला त्यांच्या मुलाचा हात लागला होता. मग ते हसून म्हणाले, "पण फादर, खरं सांगू का? मला सगळ्यांत आवडली ती खाडीतली नाव. एका दिरहॅममध्ये या तीरावरून त्या तीरावर."

आम्ही सहज विचारले, "आणि पोरगा राहतो कुठे? त्याच्या खोलीचा फोटो नाही का?"

मावशी क्षणभर थांबल्या. "खोली नाही बघितली, फादर. त्यानं आम्हाला हॉटेलात ठेवलं होतं. म्हणाला, खोलीला रंग चाललाय."

आम्ही आशीर्वादाची प्रार्थना केली, घरात पवित्र पाणी शिंपडले आणि पुढच्या घरी गेलो. पावसाळ्यात मावशी एकट्याच आम्हाला भेटायला आल्या. मुलाच्या खोलीत राहणारा, साताऱ्याकडचा एक तरुण सुटीवर आला होता आणि मुलाने पाठविलेली पिशवी देण्यासाठी लोणीला येऊन गेला होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून सारे निघाले. खोलीला रंगबिंग काही नव्हता. एका खोलीत आठ जण राहतात, दुमजली लोखंडी खाटा आहेत, आणि या मुलाच्या वाट्याला खालची खाट व तिला लावलेला एक पडदा आहे. तिकडे याला बेड-स्पेस म्हणतात. हॉटेल, तिकिटे, वाळवंटातली सहल यांसाठी त्याने मित्रांकडून पैसे उचलले होते आणि ते फेडण्यासाठी चार महिने तो रात्रीचे जादा काम करत होता.

"फादर," मावशी म्हणाल्या, "आम्ही तिकडं राजासारखं राहिलो. पोराच्या रक्ताचे पैसे उडवून आलो. आम्हाला ठाऊक नव्हतं, तरी हे पाप आम्हाला लागतं का? आणि तो आईशी खोटं बोलला, ते त्याला लागतं का?"

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते घाईचे होते. त्यांनी समजून केलेले काही नाही, मुलाने प्रेमापोटी केले, देव सर्व जाणतो, असे काहीसे बोललो. मावशी गेल्या, पण प्रश्न आमच्यापाशीच राहिला. पुण्यापासून वसईपर्यंत आज आपल्या धर्मग्रामांत असे घर विरळाच, की ज्यातले कोणी आखातात, जहाजावर, इंग्लंडात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही. आणि जिथे आपले माणूस आहे, तिथे आपण पाहुणे म्हणून जाणारच. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, असे आम्हाला वाटले.

पाहुणचार ही आपल्या मातीत पुण्याची गोष्ट मानली आहे. अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे आणि तो आपल्या शेजाऱ्यांच्या घरी जितका मुरला आहे तितकाच आपल्याही घरी मुरला आहे. पण त्याच मातीने आपल्याला दुसरी एक म्हण दिली, झाकली मूठ सव्वा लाखाची. या दोन शिकवणुकी एकत्र आल्या की जे होते तेच दुबईत झाले. पाहुणा देव आहे म्हणून त्याला सर्वोत्तम द्यायचे, आणि मूठ झाकलेली राहावी म्हणून आपल्यापाशी काय आहे ते त्याला कळू द्यायचे नाही. देशात असताना ही मूठ फार काळ झाकता येत नाही. पाहुणा स्वयंपाकघरात डोकावतो, शेजारीण बोलून जाते, दूधवाला उधारी मागायला येतो. परदेशात मात्र शेजारीणही नाही आणि दूधवालाही नाही. तिथे पाहुण्याला शहर दाखवायचे आणि शहराच्या आड आपण लपायचे, हे फार सोपे असते. उंच इमारती, कारंजी, संग्रहालये, राजवाडे यांपैकी एकही गोष्ट यजमानाची नसते, तरी त्या दाखविताना त्या आपल्याच असल्याचा भास उत्पन्न होतो, आणि पाहणाऱ्यालाही तो भास हवाहवासा वाटतो. "आमचा पोरगा दुबईला आहे," या वाक्यात बुर्ज खलिफाची उंची आपोआप मिसळते.

आम्ही हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्या हातूनही हे घडले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

२००२ साली आम्ही उच्च शिक्षणासाठी रोममध्ये होतो. आमच्या शाळेतला एक जिवलग मित्र जहाजावर स्वयंपाकी होता. त्याचे जहाज एकदा चिवितावेक्किया बंदराला लागले आणि त्याला एका दिवसाची मोकळीक मिळाली. सकाळच्या गाडीने तो रोमला आला. त्याच्यापाशी एक दिवस होता आणि आमच्यापाशी एक यादी होती. संत पेत्राचे महामंदिर, तिथून लॅटरन, तिथून पवित्र मरियेचे महामंदिर, मग भूमिगत रेल्वेने नगराच्या वेशीबाहेरचे संत पौलाचे महामंदिर, परतताना कोलोसियम आणि शेवटी त्रेवीचे कारंजे. कोणत्या खांबाचा दगड कुठून आला आणि कोणते छत कोणी रंगविले, हे आम्ही त्याला चालता चालता सांगत होतो. तो मान हलवत होता. दोनदा त्याने विचारले, "तुझी राहायची जागा कुठंय?" दोन्ही वेळा आम्ही म्हणालो, "ती काय बघायची? साधी खोली आहे. आधी हे बघून घे."

खरे कारण वेगळे होते. त्या खोलीतल्या मेजावर आमच्या नापास झालेल्या परीक्षेचा कागद पडला होता. इटालियन भाषा आम्हाला जमत नव्हती, थंडीने बेजार झालो होतो आणि कधी एकदा घरी परत जातो असे झाले होते. गावातला पहिला रोमला गेलेला मुलगा म्हणून ज्याने आमचा अभिमान बाळगला, त्याला हे दिसू नये असे आम्हाला वाटत होते. म्हणून आम्ही मिकेलअँजेलोच्या मागे लपलो.

संध्याकाळी तेर्मिनी स्थानकावर गाडी सुटायला दहा मिनिटे उरली तेव्हा त्याने पिशवीतून एक पुडके काढले. जहाजाच्या भटारखान्यातून त्याने तूरडाळ, हळद आणि घरचा मसाला बांधून आणला होता. "म्हटलं, तुझ्या खोलीवर वरण-भात करू आणि दोघं जेवू. राहू दे, तू करून खा." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आई गेली. वीस दिवस झाले. मी समुद्रावर होतो, जाता आलं नाही. वाटलं होतं, तू तिच्यासाठी एक मिस्सा करशील आणि मी बसेन." एवढ्यात गाडीची घोषणा झाली.

आम्ही त्याला चार महामंदिरे दाखविली आणि त्याच्या आईसाठी एकाही वेदीपाशी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्यासाठी मिस्सा अर्पण केली, पण ज्याने तिथे बसायचे होते तो तेव्हा समुद्रावर होता. त्या दिवशी आम्ही दोघांनीही आपापली मूठ झाकली होती. त्याने आपले दुःख झाकले, कारण आमचा उत्साह त्याला मोडवेना. आम्ही आमचे अपयश झाकले, कारण त्याचा अभिमान आम्हाला मोडवेना. दोघांच्याही मनात प्रेमच होते आणि तरीही तो दिवस वाया गेला.

तेव्हापासून पवित्र शास्त्रातील पाहुणचाराच्या कथा आम्ही वेगळ्या दृष्टीने वाचू लागलो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सारफथच्या विधवेची कथा आहे. दुष्काळात संदेष्टा एलिया परक्या मुलखात तिच्या दाराशी येतो आणि पाणी व भाकर मागतो. या कथेवर आपण जी प्रवचने ऐकली ती बहुधा तिच्या औदार्यावर होती. पण त्या बाईने सर्वांत आधी काय केले? तिने पाहुण्याला आपल्या मडक्यात काय आहे ते सांगितले. मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल आहे, ते शिजवून मी आणि माझा मुलगा खाऊ आणि मग मरू, इतक्या उघडेपणाने ती बोलली. तिने मूठ झाकली नाही. एलियानेही ते ऐकून तिथून काढता पाय घेतला नाही. भिऊ नकोस, असे म्हणून त्याने तिच्या भाकरीत वाटा मागितला, आणि त्याबरोबर तिच्या दुष्काळातही वाटा घेतला. तो तिच्या घरी राहिला. पुढे तिचा मुलगा आजारी पडला तेव्हा तो उचलून वर घेऊन जाणारे हात याच पाहुण्याचे होते. मडक्यातले पीठ सरले नाही, या चमत्काराच्या आधी एक लहान गोष्ट घडली आहे. त्या मडक्यावरचे झाकण काढले गेले आहे.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात याच्या उलट कथा आहे. शुनेम गावची एक सधन स्त्री संदेष्टा अलीशासाठी माडीवर खोली बांधते, तिथे खाट, मेज, बैठक आणि दिवा ठेवते. पाहुणचारात काही उणे नाही. अलीशा तिला विचारतो, तुझ्यासाठी काय करू? ती सांगते, मी आपल्या लोकांत सुखाने राहते, मला काही नको. झाकली मूठ! पण पाहुणा तेवढ्यावर थांबत नाही. तो आपल्या सेवकाला विचारतो, आणि सेवक सांगतो की तिला मूल नाही आणि तिचा नवरा म्हातारा झाला आहे. सेवकाचे लक्ष होते. ज्या घरात त्यांची खाट आणि दिवा होता, त्या घरातली पोकळी त्याला दिसली होती. या दोन कथा शेजारी ठेवल्या की पाहुणचाराची दोन्ही कर्तव्ये हाती येतात. यजमानाने सांगावे, आणि त्याने सांगितले नाही तर पाहुण्याने पाहावे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेला हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता, कारण त्या काळी प्रेषित आणि प्रवासी बांधव सतत एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत असत. 'द्वादश प्रेषितांची शिकवण' या अतिप्राचीन लहानशा ग्रंथात याविषयी स्पष्ट नियम आहेत. येणाऱ्याचे स्वागत प्रभूप्रमाणे करावे, पण फिरत्या प्रेषिताने एक दिवस, फार तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही जो हलत नाही तो खोटा संदेष्टा समजावा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवावे, आणि त्याला तिथेच स्थायिक व्हायचे असेल तर त्याने काम करून खावे. आपल्याकडची म्हणही तेच सांगते की एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. त्या ग्रंथकर्त्यांना आणि आपल्या आजीला एकमेकांची ओळख नव्हती, पण दोघांनाही एक गोष्ट माहीत होती. यजमानाच्या भाकरीला अंत आहे, आणि तो अंत कुठे आहे हे ओळखण्याची जबाबदारी खाणाऱ्यावरही आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताप्रमाणे करावे असे सांगितले आहे. पण तिथला क्रम पाहण्यासारखा आहे. पाहुणा आला की प्रथम त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, नंतर शांतीचे अभिवादन करावे, त्याच्यापुढे शास्त्रवाचन करावे आणि मग त्याला जेवू घालावे. पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर वेगळे ठेवावे, म्हणजे अवेळी येणाऱ्यांमुळे मठाची घडी विस्कटणार नाही. दुसऱ्या मठातून आलेल्या साधूविषयी ते म्हणतात की त्याने त्या जागेच्या चालीरीतीत समाधान मानावे आणि अवास्तव मागण्यांनी मठाला त्रास देऊ नये. म्हणजे पाहुण्यात ख्रिस्त पाहणाऱ्या या संताने यजमानाच्या शक्तीचाही विचार केला आहे.

आता कोणी म्हणेल, फादर, हे संदेष्टे आणि साधू झाले. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाचे उदाहरण द्या. तेही आपल्या पुण्याच्या इतिहासात आहे.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. त्या घरात ही अठरा वर्षांची मुलगी आपल्या धर्माप्रमाणे, आपल्या वेषात, आपले शाकाहारी अन्न शिजवून राहिली. कार्पेंटरबाईंना ती मावशी मानू लागली. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तिने पदवी मिळविली. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या त्या पदवीदानासाठी इंग्लंडहून मुद्दाम एक पाहुणी आली होती, पंडिता रमाबाई. एक मराठी स्त्री परदेशात शिकते आहे आणि दुसरी मराठी स्त्री समुद्र ओलांडून तिच्या आनंदाला हजर राहते आहे, असे हे दृश्य आहे.

समारंभ पाहून रमाबाई परतू शकल्या असत्या. त्या अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, पुष्कळ हिंडल्या आणि त्यावर त्यांनी १८८९ साली मराठीत ग्रंथही प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात अमेरिकेची स्थळे आहेत, पण त्यापेक्षा अधिक तिथली घरे, शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकांची राहणी आणि तिथल्या समाजातला अन्यायही आहे. त्या डोळे उघडे ठेवून पाहुण्या राहिल्या. इकडे आनंदीबाई क्षयाने खंगून मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. यजमानिणीने पाहुणीला मरणानंतरही आपल्या माणसांत जागा दिली. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे त्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या तारखेस, मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. लोणी स्थानकावरून दौंडकडे जाणारी गाडी आजही केडगावला थांबते. परक्या देशात पाहिलेली गोष्ट माणसाने आपल्या गावी कशी आणावी, याचा तो पुरावा आहे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे परत येऊ. सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की संत थॉमस अक्विनस यांनी असत्याचे तीन प्रकार केले आहेत. विनोदासाठी बोललेले, कोणाच्या उपयोगासाठी बोललेले आणि कोणाच्या अपायासाठी बोललेले. तिसरे सर्वांत गंभीर. मुलाचे असत्य दुसऱ्या प्रकारातले आहे, आईचा आनंद टिकावा म्हणून बोललेले. त्याचा दोष हलका आहे, पण तो दोषच आहे, असे ते महान आचार्य सांगतात. तरुणपणी आम्हाला हे कठोर वाटत असे. आज त्याचे कारण उमगते. अशा असत्याने अपाय कोणाचाच होत नाही असे वाटते, पण अपाय होतो. आईच्या हातून मुलाला सावरण्याची संधी जाते. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखण्यास सांगते. त्यांना हॉटेलात ठेवणे हा मान आहेच, पण आपले दुःख वाटून घेण्याइतके ते समर्थ आहेत असे मानणे हा त्याहून मोठा मान आहे. त्या मुलाने आईबापांना सर्व दिले, एवढी एक गोष्ट मात्र दिली नाही.

याचा अर्थ त्याने त्यांना काही दाखवूच नये असा नाही. आयुष्यभर टँकरच्या काचेतून सोलापूर रस्ता पाहिलेल्या बापाला मुलाने आकाशातून समुद्र दाखवावा, यात पाप तर नाहीच, पुण्य आहे. देण्यात देणाऱ्याचीही अब्रू असते, आणि गरिबाचे देणे नाकारणे हा त्याचा अपमान असतो. सारफथच्या विधवेची भाकर एलियाने नाकारली नाही. पण उदारपणा हा सद्गुण आपल्या ऐपतीच्या मापाने मोजला जातो, असेही आचार्य शिकवितात. कर्ज काढून केलेला पाहुणचार हा उद्या ज्या भावाला, ज्या बहिणीला, ज्या आजारपणाला पैसा लागणार आहे त्यांच्या ताटातून उचललेला असतो. आणि गंमत पाहा, त्या साऱ्या खर्चात काकांच्या मनाला लागली ती एका दिरहॅमची नाव. मुलाला ते कळले असते तर!

दोषाचा मोठा वाटा, आमच्या मते, इकडच्या आपल्यावर येतो. परदेशी गेलेल्या मुलाला आपण इतके उंच करून ठेवतो की त्याला खाली उतरून आपली खाट दाखविण्याची सोय राहत नाही. लग्नाच्या बोलणीत, सणाच्या वर्गणीत, घराच्या मजल्यांत आपण त्याचा परदेश मिरवितो. मग तो आपल्याला हवे असलेले चित्र दाखवितो. पाहुण्यांची यादी घेऊन जाणारे आपणच असतो. अमुक पाहायचे, तमुक आणायचे. त्या यादीत त्याच्या कामाची जागा, त्याच्या जेवणाची वेळ, तो रविवारी कोणत्या मंदिरात कोणत्या बाकावर बसतो, हे नसते. दुबईतील संत मरियेच्या मंदिरात आठवड्यातून किती भाषांत मिस्सा होतात आणि तिथे हजारो माणसे कामाच्या वेळा सांभाळून कशी येतात, हे पाहिलेला पाहुणा आम्हाला फार क्वचित भेटतो. उन्हाळ्यात भरदुपारी बाहेरचे काम बंद ठेवण्याचा नियम तिथे का करावा लागला, असे विचारणारा तर अद्याप एकही भेटलेला नाही.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या भेटीस गेली ती तिच्या गावची स्थळे पाहण्यास नव्हे. उतारवयात गरोदर राहिलेल्या आपल्या नातलगाच्या घरी ती सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतो. तीन दिवसांच्या नियमाला हा अपवाद कसा चालला? आम्हाला वाटते, घरातले ओझे उचलायला गेलेल्या पाहुण्याचे दिवस कोणी मोजत नाही.

आम्ही काही दिवसांनी मावशींच्या घरी गेलो आणि आमच्या रोमच्या मित्राची गोष्ट त्यांना सांगितली. धर्मगुरू परीक्षेत नापास झाला होता हे ऐकून त्यांना बरेच बरे वाटले असावे, कारण त्या प्रथमच मोकळ्या हसल्या. मग आम्ही म्हणालो, "मावशी, पाप लागतं का हे विचारू नका. त्याची खोली बघायची राहिली आहे, ती बघा."

त्या रविवारी त्यांनी मुलाला मोबाइलवर चेहरा दिसेल असा फोन लावला. त्यांनी त्याला रागे भरले नाही. कर्जाचे नावही काढले नाही. फक्त म्हणाल्या, "खोलीचा रंग झाला असेल तर दाखव." पलीकडे बराच वेळ शांतता होती, असे काका सांगतात. मग त्याने फोन फिरविला. लोखंडी खाट, निळा पडदा, उशाशी खिळ्याला लटकविलेली जपमाळ आणि भिंतीला चिकटविलेले लोणीच्या घराचे छायाचित्र. वरच्या खाटेवरचा मुलगा पाय खाली सोडून बसला होता. मावशींनी विचारले, "हा कोण? याच्या आईचं नाव काय?" मग एकेक करून खोलीतल्या सगळ्यांची नावे त्यांनी विचारून घेतली. त्यात दोघे नेपाळचे होते, एक केरळचा, एक पाकिस्तानातला. संध्याकाळच्या जपमाळेत आता त्या सर्वांची नावे घेतात. पुढच्या महिन्यापासून मुलाने पाठवायची रक्कम काकांनी आपण होऊन कमी करायला सांगितली, कर्ज फिटेपर्यंत. ते दोघे पुन्हा जातील तेव्हा किती दिवस राहतील आणि कुठे उतरतील हे अजून ठरलेले नाही. पण या वेळी ते आधी विचारतील.

येत्या सुटीत आपल्यापैकी कितीतरी जण मुलाकडे, लेकीकडे, भावाकडे, मित्राकडे परदेशी जातील. उंच इमारती अवश्य पाहाव्यात. धबधबे पाहावेत. रोमला गेल्यास चारही महामंदिरे पाहावीत. आम्हीच तुम्हाला वाट सांगू. फक्त पहिल्या दिवशी, पिशव्या उघडण्यापूर्वी, आपल्या माणसाला एवढेच म्हणावे, "आधी तू कुठे झोपतोस ते दाखव." आणि जे तिकडे आहेत त्यांना आमची विनंती आहे की पाहुण्याच्या दर्शनीय स्थळांच्या यादीत आपले स्वयंपाकघर सर्वांत वर लिहावे, मग त्यात मूठभर पीठ का असेना.

आमच्या मित्राने दिलेली ती डाळ आम्ही त्या आठवड्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिजविली. तो आता जहाजावर नाही, गावीच असतो. गेल्या नाताळात तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला कुठेही हिंडविले नाही. त्याने डाळ फोडणीला घातली, आम्ही तांदूळ निवडले, आणि जेवणाआधी त्याच्या आईसाठी मिस्सा अर्पण केली. तो पहिल्या बाकावर बसला होता.